खुर्ची घरी ठेवून रानात या

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या काही बसगाड्या पाहिल्या की आतली मंडळी सहलीला चालली आहेत की मोर्चाला, असा प्रश्न पडतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचे नाव, पुढच्या काचेवर फलक. गाडी लोणावळा, कर्जत, मुळशी किंवा ताम्हिणीच्या बाजूला जाते. तिथे दोन दिवस दोराला लोंबकळणे, पिंपांचा तराफा बांधणे, डोळ्यांना पट्टी बांधून सहकाऱ्याचा हात धरून चालणे असे कार्यक्रम होतात. रात्री शेकोटी पेटते, गाणी होतात आणि रविवारी संध्याकाळी मंडळी परत फिरतात. या प्रकाराला 'आउटबाउंड ट्रेनिंग' असे भारदस्त नाव आहे. घरी मात्र सौभाग्यवती विचारतात, 'ऑफिसच्या कामाला गेला होतात ना? मग गुडघा कसा फुटला?'

प्रश्न रास्त आहे. गुडघे फोडून घेतल्याने माणसे एकमेकांना धरून काम करू लागतात का? दोन दिवस रानात काढले म्हणून साहेबाचा नेता होतो का? की हा सगळा कंपनीच्या खर्चाने केलेला वनभोजनाचा थाट आहे?

मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या खिडकीतून पाहतो. मी राहतो नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरला. अक्कलकुव्याहून गुजरातकडे, सागबारा-डेडियापाड्याच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. पाठीशी सातपुडा. येथे मी अनेक वर्षे मास्तरकी केली. आमच्या भागात रानात जाण्याचा असा वेगळा कार्यक्रम नसतो. मोहाची फुले वेचायची, चारोळी गोळा करायची, बांबू आणायचा, डोंगरउतारावर भगर पेरायची, म्हणजे रान हेच कामाचे ठिकाण. त्यामुळे शहरातली माणसे पैसे मोजून रानात घाम गाळायला येतात, हे ऐकून आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर भरपूर हशा होतो.

त्या हशात मी सामील होत नाही. माझे मत असे की रानाचा उपयोग होतो आणि तो खराखुरा होतो. मात्र तो तिथल्या खेळांमुळे होत नाही. रान माणसाच्या बुडाखालची खुर्ची काढून घेते. खुर्ची गेली की ज्याला जे येते त्याने ते करायचे, आणि ज्याला येत नाही त्याने ऐकायचे, एवढीच व्यवस्था उरते. कचेरीत वर्षानुवर्षे न दिसलेली माणसे मग एकमेकांना दिसू लागतात. फायदा काय असेल तो एवढाच. पण तो थोडा नाही.

समुद्रात मिळालेला धडा

ही कल्पना आली कुठून, हे पाहण्यासारखे आहे. ती करमणुकीतून आलेली नाही, मरणाच्या दारातून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी छोट्या जीवरक्षक होड्यांत दिवसचे दिवस काढत. 'ब्लू फनेल' या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. अशा होड्यांत धडधाकट तरुण खलाशी आधी हाय खात आणि चाळिशी-पन्नाशीचे, शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केलेले जुने खलाशी तग धरत. म्हणजे ताकद कमी पडत नव्हती. कमी पडत होता तो अनुभव, धीर आणि शेजारच्या माणसाला सांभाळण्याची सवय.

कूर्ट हान नावाचे एक शिक्षक होते. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून ते ब्रिटनमध्ये आले होते आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली होती. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरडव्ही येथे तरुणांसाठी महिनाभराचे शिक्षण सुरू केले. समुद्र, डोंगर, वाऱ्यापावसात चालणे आणि संकटात सापडलेल्यांना सोडवणे, हा त्याचा गाभा होता. त्या संस्थेचे नाव 'आउटवर्ड बाउंड'. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला खलाशी हा शब्द वापरतात. आज बसगाडीच्या काचेवर मिरवणाऱ्या शब्दाचे मूळ हे असे आहे.

आपल्याकडे हे लोण उद्योगांपर्यंत पोचले ते गिर्यारोहकांच्या हातून. एव्हरेस्टवर १९८४ मध्ये पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी जमशेदपूरला टाटा स्टीलच्या साहस प्रतिष्ठानाची धुरा अनेक वर्षे सांभाळली. महाराष्ट्रात आयआयटीत शिकलेले गिर्यारोहक वसंत लिमये यांनी 'हाय प्लेसेस' ही संस्था काढली आणि ताम्हिणी परिसरात 'गरुडमाची' हे केंद्र उभे केले. सह्याद्रीत घाम गाळलेल्या माणसांनी हे काम हाती घेतले याला अर्थ आहे. डोंगरावर हुद्दा चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आणि डोंगरावरचे नेतृत्व म्हणजे सर्वांच्या पुढे धावणे, असाही समज बरोबर नाही. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी १५ मे २०१९ रोजी कांचनगंगा सर केले. मोहिमेचे नेते होते उमेश झिरपे. शिखरावर पोचलेल्या त्या दहांत त्यांचे नाव नाही. दहा माणसे वर जावीत आणि दहाही खाली यावीत, हे पाहणाऱ्याला स्वतःचे पाऊल शिखरावर उमटले नाही तरी चालते. आपल्या कचेऱ्यांत किती साहेबांना हे चालेल, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

नर्मदेतली निवडणूक

कंपन्यांचे राहू द्या. आमच्या तालुक्यात सरकारी माणसांचे असे शिबिर दर निवडणुकीला, कोणी न ठरवता भरते. महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला आणि लोकसभेच्या यादीत नंदुरबारचा पहिला. राज्यातले पहिले मतदान केंद्र म्हणून ओळखले जाते ते मणिबेली हे नर्मदाकाठचे गाव याच तालुक्यात. सरदार सरोवराच्या पाण्याने या काठचा जुना मुलूख गिळला, आणि उरलेल्या वस्त्यांपैकी काहींपर्यंत मतदान यंत्रे आजही बोटीने पोचतात.

मतदानाचे पथक म्हणजे काय असते? एक केंद्राध्यक्ष, दोन-तीन मतदान अधिकारी, एक शिपाई, एक पोलीस. कोणी कुठल्या खात्याचा, कोणी कुठल्या गावचा. आदल्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात साहित्याच्या पिशव्या मोजताना एकमेकांची नावे कळतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशाच एका पथकात मी होतो. आमचे केंद्राध्यक्ष एका खात्यातले उपअभियंता होते. माणूस सज्जन, पण कचेरीचा दरारा अंगात मुरलेला. शिपायाला ते 'ए' म्हणत आणि पिशवी उचलायला सांगत. शिपाई पन्नाशीचा, तापीकाठचा.

बोट निम्म्या वाटेवर असताना इंजिन बंद पडले. वारा सुटलेला, दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि खाली किती पाणी आहे ते देवाला ठाऊक. साहेबांना पोहता येत नव्हते. ते दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसले. नावाडी जवळच्याच गावचा भिल्ल तरुण. त्याने आवाज न चढवता कामे वाटली. 'साहेब, तुम्ही मशीन घेऊन मधे बसा. पोलीसदादा, तुम्ही त्या बाजूला. गुरुजी, पाणी उपसा.' मग त्याने शिपायाकडे पाहून विचारले, 'वल्हं येतं का?' तापीत हयात घालवलेल्या त्या माणसाने उत्तर न देता वल्हे हातात घेतले. वीस-पंचवीस मिनिटे आमचे केंद्राध्यक्ष तो नावाडी होता आणि त्याचा उपाध्यक्ष आमचा शिपाई. मतदान अधिकाऱ्यांच्या हस्तपुस्तिकेत या नेमणुकांची तरतूद नाही.

इंजिन सुरू झाल्यावर नावाड्याने एका जागी बोट हळू केली आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, 'आमचं जुनं घर इथं खाली आहे.' त्याने तक्रार म्हणून हे सांगितले नाही. रस्त्याने जाताना आपण एखाद्याला आपले घर दाखवतो, तसे सांगितले. आम्ही सगळे गप्प झालो. त्या गप्प राहण्यानेही माणसे जवळ येतात, हे मला तिथे कळले.

रात्री शाळेच्या खोलीत चूल पेटली. भाकरी कोणाला येते, याचा शोध लागला. ती पोलिसाला येत होती. साहेबांनी कांदे चिरले. सकाळी साहित्य मांडताना साहेबांनी शिपायाला हाक मारली, ती 'भाऊ' अशी. 'भाऊ, जरा बघता का, हे टेबल इथं ठीक आहे ना?' 'ए' पासून 'भाऊ' पर्यंतचे अंतर त्या माणसाने एका रात्रीत कापले. सरकारी प्रशिक्षणाच्या दहा वर्गांत ते कापले गेले नसते.

यातला महत्त्वाचा भाग असा की हा खेळ नव्हता. मतदान यंत्र भिजले असते तर एका गावाचा हक्क बुडाला असता. काम खरे होते, गरज खरी होती आणि एकमेकांवाचून भागणारे नव्हते. लोटांगण घालून कोणी 'टीम स्पिरिट' आणू शकत नाही. ते खऱ्या अडचणीच्या पोटी येते.

गाव करी ते राव काय करी

सातपुड्यात हे ज्ञान फार जुने आहे. मोलगीच्या बाजूला काठी नावाचे गाव आहे. तिथली राजवाडी होळी दूरदूरच्या मुलखात प्रसिद्ध. होळीसाठी जंगलातून उंचच उंच बांबू आणला जातो. तो रोवायचा खड्डा हातांनी उकरायचा, कुदळ-पहार लावायची नाही. बांबू उभा करायचा तोही माणसांच्या हातांनी. रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. ज्यांनी व्रत घेतले असेल त्यांनी त्या दिवसांत जमिनीवर झोपायचे, शरीर आणि मन आवरून राहायचे. शेकडो हात एका बांबूला लागतात तेव्हा कोणाचा हात किती मोठा, हे कोणी विचारत नाही. जोर एकाच क्षणी लागला नाही तर बांबू उभा राहणार नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते.

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. धडगाव तालुक्यातल्या त्या डोंगरावर अश्वत्थाम्याचे ठाणे आहे. जखमेला तेल मागत तो चिरंजीव या डोंगरांत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी लोकांची श्रद्धा. गावोगावचे तरुण जथ्याजथ्याने निघतात, रात्री चढण चढतात. अशा जथ्यात पुढे चालणारा वाटेचा जाणकार असतो, मागे चालणाऱ्याने कोणी सुटत नाही ना ते पाहायचे असते. पुढच्याची चाल मागच्यांच्या दमावर ठरते. व्यवस्थापनाच्या जाड पुस्तकांत जे प्रकरण तीस पानांत येते, ते येथे अंधारात पायांनी वाचले जाते.

आणि रोजच्या कामातही तेच. एखाद्याचे शेत निंदायचे राहिले, घर शाकारायचे असले, की गावाला बोलवायचे. सगळ्यांनी येऊन ते काम उरकायचे. ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. नर्मदेच्या खोऱ्यातल्या भिल्ल-भिलाला गावांत याला 'लाह' म्हणतात. देशावरच्या वाचकांना याच जातीची 'इर्जिक' ठाऊक असेल. इर्जिकीत मालक आणि मजूर हे नाते नसते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. हा 'उद्या' ठरलेला असतो म्हणून आजचे काम मनापासून होते. कंपनीच्या शिबिरात नेमका हाच 'उद्या' गळून पडतो.

तोरणमाळची फाटलेली वाट

उदाहरण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी सुरतेला कापडाच्या एका कंपनीत व्यवस्थापक आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात तो आपल्या विभागाची पंधरा-सोळा माणसे घेऊन तोरणमाळला आला. 'सर, तुम्हीही चला,' म्हणाला. तोरणमाळ म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावरचे पठार. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचे देऊळ. हिवाळ्यात तिथली थंडी सुरतकरांचे दात वाजवते.

दुसऱ्या दिवशी दरीच्या बाजूने पायी फिरण्याचा बेत होता. वाट दाखवायला एक पावरा मुलगा, बारावी झालेला. दुपारी एका जागी वाट फाटली. विक्री विभागाचे प्रमुख मोबाइलवरचा नकाशा काढून डावीकडे निघाले. त्यांच्यामागे त्यांची माणसे, त्यांच्यामागे सगळे. तो मुलगा उभाच राहिला. त्याला कोणी काही विचारले नव्हते, म्हणून तो काही बोलला नव्हता. हिशेब विभागातल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, 'दादा, तुम्हाला काय वाटतं?' तो म्हणाला, 'ती वाट पावसात तुटली. पुढे उतरता येत नाही.' सगळे मागे फिरले आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचले.

संध्याकाळी शेकोटीजवळ माझ्या विद्यार्थ्याने ठरवलेले खेळ बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न टाकला : 'आपल्या कंपनीत असा वाटाड्या कोण आहे, ज्याला वाट माहीत आहे आणि ज्याला आपण विचारत नाही?' बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच हिशेबाच्या बाई म्हणाल्या, 'पॅकिंगमधल्या बायका.' कोणत्या व्यापाऱ्याचा माल का परत येतो, हे त्या बायकांना गठ्ठा उघडताच कळत असे. त्यांना बैठकीला बोलावण्याची पद्धत नव्हती, इतकेच.

परत गेल्यावर त्याने एक साधा नियम केला. सोमवारच्या बैठकीत पॅकिंगची एक बाई असणार, ती आधी बोलणार आणि व्यवस्थापक सर्वांत शेवटी बोलणार. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, 'सर, पॅकिंगमधल्या एका ताईंना सुपरवायझर केलं.' तोरणमाळच्या त्या फेरीचे फळ काय, असे कोणी विचारले तर मी ही बढती दाखवीन.

रान जे दाखवते ते दोन दिवस टिकते. ते नियमात बसवले तर राहते, नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी. शेकोटीशी साहेबाच्या खांद्यावर हात टाकून गाणारा कारकून सोमवारी पुन्हा दारावर टकटक करून 'आत येऊ का' विचारतो, तेव्हा त्याच्या मनात एक कडवटपणाही येतो. आपल्याला दोन दिवसांपुरते माणूस केले होते, असे त्याला वाटते. न नेले असते तर बरे, अशी ही गत.

सक्तीचे धाडस

म्हणून काही पथ्ये सांगितली पाहिजेत, आणि ती कडक शब्दांत सांगितली पाहिजेत.

पहिले पथ्य, सक्ती नको. ज्याला उंचीची भीती वाटते, ज्याला मधुमेह आहे, जी बाई घरी तान्हे मूल ठेवून आली आहे, त्यांना 'मनाचा हिय्या करा' असे म्हणून दोराला बांधणे हा शुद्ध दांडगेपणा आहे. जून २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ एका कंपनीच्या कार्यक्रमात कर्मचारी निखाऱ्यांवरून चालले आणि पंचवीस जण भाजले. साहेब बघत असताना 'नको' म्हणणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जिथे 'नाही' म्हणण्याची मुभा नाही, तिथले 'हो' विश्वासाचे नसते.

दुसरे पथ्य, रानात दिसलेले कचेरीच्या कागदावर चढवायचे नाही. कोण घाबरला, कोण रडला, कोणाचा दम लागला, याची नोंद गोपनीय अहवालात जाणार असेल तर सगळे जण मुखवटे लावूनच येतील. मग कशाला घराबाहेर पडायचे?

तिसरे, काम खोटे नको. पिंपांचा तराफा बांधून तळ्यात बुडवण्यापेक्षा एखाद्या पाड्यावरचा दगडी बांध गावाच्या बरोबरीने दुरुस्त करावा, विहिरीतला गाळ काढावा. अर्थात गावाला विचारून आणि गावाला हवे ते. काम खरे असले की तिथे गावातला कोणीतरी तुमचा मुकादम होतो, आणि त्याचे ऐकणे हेच शिक्षण. रात्रीच्या बाटल्या आणि कर्णे मात्र कृपा करून शहरातच ठेवावेत. आमच्याकडे रात्री ऐकण्यासारखे दुसरे पुष्कळ असते.

चौथे पथ्य माझ्या जिव्हाळ्याचे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे दर वर्षी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जातात. माझ्या वर्गातली कितीतरी बाके अशी मार्गशीर्षात रिकामी झालेली मी पाहिली आहेत. याच मुलांना प्रत्येक झाडाचे नाव, प्रत्येक ओढ्याचा स्वभाव आणि पायाखालच्या मातीची भाषा ठाऊक असते. शहरातून आलेल्या शिबिरात त्यांच्या वाट्याला काय येते? सामान वाहणे, भाकऱ्या भाजणे आणि शेवटच्या रात्री पाहुण्यांसमोर नाचणे. शिकवणारा मात्र शहरातून येतो आणि त्याचे मानधन वेगळ्या पाकिटात असते. रानाची शाळा भरवायची तर रानातल्या माणसाला गुरुजीची जागा आणि गुरुजीचा पगार मिळाला पाहिजे. ज्याच्या एका वाक्याने सोळा माणसे तुटलेल्या वाटेवरून मागे फिरली, त्याला 'पोर्टर' म्हणून दिवसाचा रोज देऊन मोकळे होणे हे नेतृत्वाच्या शिक्षणात बसत नाही. त्या शिबिरात शिकलेले सगळे तिथेच खोटे पडते.

दूर जायलाच हवे असे नाही

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. आमची पतसंस्था सात माणसांची, आमची शाळा नऊ शिक्षकांची, आमच्या दवाखान्यात दोन परिचारिका आणि एक शिपाई. आम्हाला हे काय परवडणार? मला वाटते, ज्यांना हे खरोखर हवे ते हेच लोक. मोठ्या कंपनीत नाही पटले तर माणूस विभाग बदलून घेतो. सात माणसांच्या कचेरीत दोघांचा अबोला असला तर तो गावाला भोवतो. कर्जाचा कागद अडतो, लसीची नोंद राहते, पोराचा दाखला मिळत नाही. ज्या शाळेत शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत त्या शाळेतली मुले काय शिकतात, हे मी सांगायला नको.

अशा कचेरीला लाखभर रुपये लागत नाहीत. एक दिवस, आपापली भाकरी, जवळचा एखादा डोंगर आणि तो डोंगर माहीत असलेला माणूस पुरे. वाट त्याने ठरवायची. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने ठरवायची. हुद्दा लावून हाक मारायची नाही. वर पोचल्यावर भाषण करायचे नाही. परत येताना प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची : आज मला कोणाची कोणती गोष्ट पहिल्यांदा कळली. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यातली एक तरी गोष्ट नियमाने चालू करायची. साहेबाने शेवटी बोलावे, हा नियम फुकट आहे. शिपायाला त्याच्या नावाने आणि 'अहो' म्हणून हाक मारावी, यालाही अर्थखात्याची मंजुरी लागत नाही.

घरच्यांनाही हे लागू आहे. घर हीसुद्धा एक टीमच, आणि तिथे तर वर्षानुवर्षे खुर्च्या ठरलेल्या असतात. कधी मुलीच्या हातात नकाशा द्या आणि वडिलांनी मागून चालावे. आईने काही न रांधता सावलीत बसावे. कोण किती पाण्यात आहे ते संध्याकाळपर्यंत कळते, आणि बहुधा ते आनंदाचेच निघते.

रानात गेल्याने नेते तयार होतात, असे जाहिराती सांगतात. मला ते खरे वाटत नाही. नेते आपल्या कचेऱ्यांत आधीपासूनच असतात. कोणी पॅकिंगच्या टेबलाशी असतो, कोणी दाराशी स्टुलावर बसलेला असतो. रानात ते नजरेला पडतात, एवढेच. पुढचे काम कचेरीतले आहे. पुढच्या महिन्यात ज्यांची बस निघणार असेल त्या साहेब मंडळींनी निघण्यापूर्वी एवढे ठरवावे की परतल्यावर पहिल्या बैठकीत आपण कोणाला आधी बोलू देणार. ते ठरत नसेल तर बसचे भाडे वाचवावे आणि त्या पैशांतून सर्वांना चहा पाजावा. कचेरीला त्याचा उपयोग अधिक होईल.